आजींचं आजींना करू दे

वाचकाचं पत्र :

ताई, मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्याची. वय २४. जनरल ड्युटी असिस्टंटचा कोर्स केला आणि एप्रिलपासून म्हापशाजवळच्या एका गावात ७३ वर्षांच्या आजींना सांभाळते. मार्चमध्ये त्यांना अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली. बोलताना शब्द सापडत नाहीत, पण समजतं सगळं. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा येतात आणि प्रत्येक वेळी सांगून जातात की त्यांचं त्यांना करू द्या. मी सुरुवातीला तसं करत होते. गाऊन घालायला आजींना २५ मिनिटं लागायची. एकदा वहिनींनी पाहिलं आणि म्हणाल्या, ‘आईंना का छळतेस? मग आम्ही तुला पगार कशाचा देतो?’ तेव्हापासून मीच सगळं करते. भरवते पण मीच. डाव्या हातानं जेवायला आजींना आवडत नाही. आता त्या नुसत्या बसून असतात, काहीच करायला बघत नाहीत. उचलून बसवताना उजवा खांदा दुखतो असं खुणेनं सांगतात. माझं काही चुकतंय का? व्यायाम करून घ्यायचा मला अधिकार आहे का?

उत्तर :

बाय, खांद्याचं तू शेवटी, जाता जाता लिहिलंयस. मी तिथूनच सुरुवात करते, कारण ते थांबण्यासारखं नाही.

अर्धांगवायूनंतर खांद्याभोवतीचे स्नायू ढिले पडतात. हाताचं हाड खोबणीत धरून ठेवणारं फारसं काही उरत नाही आणि हाताच्या नुसत्या वजनानं ते खाली सरकू लागतं. अशा वेळी आपण काखेत हात घालून माणसाला वर ओढलं किंवा दंड धरून बसतं केलं, तर सगळा ताण त्या सांध्यावर येतो. तू ‘उचलून बसवताना’ असं लिहिलंयस, म्हणून मला वाटतं की हेच होत असावं. आजपासून आजींच्या उजव्या हाताला धरून ओढायचं नाही. काखेतही हात घालायचा नाही. अंथरुणातून उठवताना आधी त्यांना कुशीवर वळव, पाय पलंगाखाली सोड, मग एक हात पाठीमागे खांद्याच्या फऱ्यावर आणि दुसरा कमरेशी ठेवून बसतं कर. डावा हात पलंगावर टेकून त्या स्वतःही जोर लावतील, तो लावू दे. बसल्यावर उजवा हात लोंबकळता ठेवू नकोस, मांडीवर उशी घेऊन तिच्यावर तो कोपरापासून टेकव. आणि फिजिओथेरपिस्टना फोन करून दुखण्याचं सांग. त्यांच्या पुढच्या फेरीची वाट बघत बसू नकोस. त्यांनी तपासेपर्यंत तो हात खांद्याच्या वर नेणारा कुठलाही व्यायाम नको.

आता तुझा प्रश्न. चुकतंय का? खांद्याचं सोडलं तर सुरुवातीला तू जे करत होतीस ते बरोबर होतं, आणि आता करतेस ते चुकतंय. हे मी तुला वरच्या पाटावर बसून सांगत नाही. माझे वडील फोंड्याला असायचे. खुब्याचं हाड मोडून त्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा मला नर्सिंगमध्ये १२ वर्षं झाली होती. मी रजा काढून गेले आणि लेकीच्या मायेनं त्यांचं सगळं केलं. दात घासून दिले, घास भरवले, अंग पुसलं, पाण्याचा पेला ओठांना लावला. त्यांचा पाय मोडला होता, हात नव्हे. सहा आठवड्यांनी उशाशी ठेवलेल्या पाण्यासाठी ते मला स्वयंपाकघरातून बोलावून घेऊ लागले आणि ज्या दिवशी वॉकर धरून उभं करायचं ठरलं त्या दिवशी त्यांच्या मांड्या थरथरत होत्या. त्यांची ताकद आजारानं जितकी घेतली, तितकीच माझ्या सेवेनंही घेतली. ती बोच अजून आहे.

हे माझ्या एकटीच्या घरातलं नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात धडधाकट ज्येष्ठांना १० दिवस अंथरुणावर ठेवून पाहिलं होतं. कुणाला काही आजार नव्हता. तरी १० दिवसांत त्यांच्या पायांतले सरासरी जवळपास एक किलो स्नायू गेले. मग ज्यांची एक बाजू आधीच लुळी आहे त्यांचं काय होत असेल ते तूच बघ. शिवाय अर्धांगवायूत मेंदू न वापरलेला हात ‘विसरायला’ शिकतो. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगानं होते, पुढेही होते पण सावकाश. आजींचे हेच महिने आत्ता चालले आहेत.

तू जे करत होतीस त्याला रिस्टोरेटिव्ह केअर म्हणतात. माणसात जेवढं उरलंय तेवढं टिकवायचं, गेलेल्यातलं जमेल तेवढं परत आणायचं, आणि हे वेगळ्या ‘व्यायामाच्या तासात’ नव्हे तर दात घासणं, कपडे, जेवण, उठबस यांतूनच. अमेरिकेत १९८७ साली नर्सिंग होमसाठी कायदा झाला. तिथल्या माणसाची क्षमता शक्य तितक्या वरच्या पातळीवर टिकवणं ही संस्थेची जबाबदारी ठरली आणि तुझ्यासारख्या असिस्टंटला किमान ७५ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. एखाद्या दिवशी अशा सरावाला १५ मिनिटं दिली असतील तरच तो दिवस त्यांच्या नोंदीत धरला जातो. म्हणजे चालू द्यायला, गाऊन घालू द्यायला जी १५-२० मिनिटं जातात ती तिथे काम म्हणून मोजली जातात. वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. पगार त्या मिनिटांचाही आहे.

अधिकाराचं म्हणशील, तर व्यायाम ठरवायचा अधिकार फिजिओथेरपिस्टचा, करून घ्यायचं काम तुझं. त्यांनी दाखवलेलं तू रोज करू शकतेस, करायलाच हवं. आठवड्यातले दोन तास त्यांचे, बाकीचे सगळे तुझे. पण मोबाइलवर बघून नवा व्यायाम सुरू करायचा नाही. सांधा हलवताना एक हात सांध्याच्या वर, एक खाली, सावकाश, डोळे आजींच्या चेहऱ्यावर. कपाळाला आठी पडली किंवा सांधा अडला की थांब, तिथून पुढे रेटायचं नाही. हातात रबरी चेंडू देऊन दाबायला लावायची आपल्याकडे फार हौस आहे. बोटं आधीच मुठीकडे वळत असतील तर चेंडूनं ती आणखी आवळू शकतात, तेव्हा आधी विचार. तेलाचंही तसंच. हलक्या हातानं लावलंस तर आजींना बरं वाटेल, पण पोटरी सुजली असेल, गरम लागत असेल, दुखत असेल तर तिथे अजिबात चोळू नकोस, डॉक्टरांना सांग. आत रक्ताची गुठळी असू शकते.

गाऊनवर मात्र मला जरा जास्त बोलायचंय.

२५ मिनिटं का लागतात ते बघ. बहुतेक त्या पलंगाच्या काठावर बसत असतील, तोल सांभाळण्यातच अर्धी शक्ती जात असेल. पाठ टेकेल अशा, हात असलेल्या खुर्चीवर बसव, पाय जमिनीला पूर्ण टेकलेले. पुढून उघडणारा गाऊन घे. बटणं काढून टाक, वरून ती शोभेला राहू देत आणि आत वेलक्रो शिवून घे. म्हापशाच्या बाजारात कुठलाही शिंपी करून देईल. गाऊन आजींच्या मांडीवर असा पसर की उजवी बाही त्यांच्या गुडघ्यांच्या मधे सरळ खाली लोंबेल. मग त्या डाव्या हातानं आपला उजवा हात उचलून त्या बाहीत सोडतील, बाही कोपराच्या वर ओढतील, मागून गाऊन फिरवून डावा हात घालतील. घालताना लुळा हात आधी, काढताना तोच शेवटी. हा क्रम एकदा अंगवळणी पडला की वेळ आपोआप उतरतो.

आणि तू तेव्हा काय करायचंस? शेजारी स्टूल घे, उजव्या बाजूला बस आणि हात मांडीवर ठेव. हेच कठीण आहे. बाही कोपराशी अडकली की आपला हात आपोआप पुढे जातो. मनात दहापर्यंत मोज. नाही जमलं तर आधी तोंडानं सांग, ‘आजी, कोपर’. तरी नाही जमलं तर बोटानं दाखव. मग हलकेच त्यांच्या हातावर हात ठेवून तेवढंच पुढे ने, आणि हात काढून घे. चिडल्या, दमल्या, डोळ्यांत पाणी आलं तर तिथे थांबून उरलेलं तू कर. ‘करू द्या’ म्हणजे हाल करणं नव्हे. वहिनींनी पाहिलं त्या दिवशी आजी कदाचित खरंच दमल्या असतील.

म्हणून सगळ्याच गोष्टी एकदम सुरू करू नकोस. सकाळी घरात कामावर जायची घाई असेल, अंघोळ आटोपायची असेल, तेव्हा गाऊन तू घाल. संध्याकाळचा गाऊन आजींचा. दात डाव्या हातानं त्या घासू शकतात, तोंड पुसू शकतात. एवढं आठवडाभर चालू दे, मग पुढचं घे.

जेवणाचा प्रश्न हाताचा कमी आणि संस्काराचा जास्त आहे. ७३ वर्षांच्या बाईनं आयुष्यभर डावा हात जेवणाला लावला नाही. आणि आता शौचाचं धुणंही त्याच हातानं, ज्यानं घास घ्यायचा. हे कुणी उघड बोलत नाही, पण त्यांच्या मनात असणार, आणि शब्द सापडत नाहीत म्हणून त्या सांगू शकत नाहीत. तेव्हा तू सांग. न्हाणीघरात कमोडजवळ पाण्याचा स्प्रे डाव्या बाजूला लावून घ्यायला घरच्यांना सांग, म्हणजे हात कमीत कमी लागेल. त्यानंतर आणि जेवणाआधी साबणानं हात धुऊन द्यायचं काम तुझं, ते आजींना दिसेल असं कर. जेवायला चमचा दे, म्हणजे बोटं अन्नाला लागत नाहीत. पुष्कळ जणींना एवढ्यानं सोपं जातं. चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून जाड कर, काठ उंच असलेली ताटली घे आणि खाली ओलं फडकं घाल, म्हणजे ती सरकणार नाही. लुळा उजवा हात मांडीवर न ठेवता टेबलावर ताटलीच्या शेजारी, नजरेसमोर असू दे. पुढे त्यात थोडी हालचाल आली तर त्याच हातात चमचा देऊन वरून तुझा हात धरायचा, ते फिजिओथेरपिस्ट सांगतील तेव्हा. पहिले चार घास आजींनी घ्यावेत, मग भरव. दुसऱ्या आठवड्यात आठ.

गिळताना ठसका लागतो का ते तू लिहिलेलं नाहीस. लागत असेल, किंवा पाणी प्यायल्यावर आवाज ओला, घोगरा येत असेल, तर लगेच डॉक्टरांना सांग. आपली पेज इथे फसवते. आजारी माणसाला पेज द्यायची हे आपल्या हाडीमाशी भिनलेलं, पण पातळ पाणी आणि शितं एकाच घासात येतात आणि गिळायला अडचण असलेल्याला तेच सगळ्यात अवघड जातं. अशांना डॉक्टरांना विचारून घट्ट, घोटलेली पेज द्यावी. जेवताना पाठ ताठ, नंतरही अर्धा तास बसूनच. उजव्या गालात घास साठून राहिलाय का ते रोज बघ.

उठबस थोडक्यात सांगते, कारण कोर्समध्ये शिकली असशील. व्हीलचेअर आजींच्या डाव्या, चांगल्या बाजूला, पलंगाला किंचित तिरकी, ब्रेक लावून, पायठेवणी वर करून. त्यांचे हात तुझ्या गळ्यात नकोत. कमरेला रुंद पट्टा बांध आणि तोच धर. तुझा गुडघा त्यांच्या उजव्या गुडघ्यासमोर आडवा असू दे. त्यांना पुढे वाकायला सांग, एक-दोन-तीन म्हण, त्या उठतील. जमेल तेवढं त्या उठतील, उरलेलं तू. चालताना तू उजवीकडे आणि अर्धं पाऊल मागे, काठी त्यांच्या डाव्या हातात. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना लुळा आधी. पडायला लागल्या तर धरून ठेवायचा प्रयत्न करू नकोस, दोघी पडाल. पट्टा धरून तुझ्या मांडीवरून सावकाश जमिनीवर उतरव.

जुनं घर असेल तर उंबरठे उंच असतात, आणि पावसाळ्यात लाल गिलाव्याची जमीन ओलसर होऊन गुळगुळीत होते. न्हाणीघराबाहेरचं पायपुसणं काढून टाक, ते सरकतं. बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, संध्याकाळी बसवत असशील तर तिथला बसायचा सोपा बुटका असतो, त्यावरून उठणं तुझ्या-माझ्या गुडघ्यांनाही जड जातं. तिथे उंच खुर्ची ने. पण ने नक्की. पाववाल्या पोदेराचा भोंगा ऐकू येतो, वाटेवरचं माणूस ‘कशी आसा?’ विचारतं, त्यानं जे होतं ते खोलीतल्या टीव्हीनं होत नाही.

बोलण्याबद्दल एवढंच, की त्यांचं वाक्य तू पुरं करू नकोस. हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचार आणि थांब. आरती म्हणून बघितलीस का? ज्यांना ‘पाणी’ हा शब्द सापडत नाही त्यांच्या तोंडून कधी कधी आरतीची अख्खी ओळ येते, वार येतात, पाढे येतात. तू सुरुवात कर आणि ओळीच्या शेवटी थांबून बघ.

आता वहिनी. त्यांच्यावर रागावू नकोस. सासूबाई धडपडताना बघणं त्यांना सोसत नाही, आणि शेजारीपाजारी येऊन ‘बाई ठेवलीय तरी म्हातारीला करावं लागतं’ म्हणतात ते त्यांना ऐकावं लागतं. २०११ च्या जनगणनेत गोव्यात साठीपुढची माणसं १०० मागे ११ हून अधिक होती, देशात साडेआठच्या आसपास. म्हणजे असं एखादं माणूस आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक वाड्यावर आहे, आणि ‘सेवा म्हणजे सगळं करून देणं’ ही समजूतही प्रत्येक वाड्यावर आहे. वहिनींशी आजींच्या समोर बोलू नकोस. फिजिओथेरपिस्ट येतील त्या दिवशी त्यांना दहा मिनिटं थांबायची विनंती कर आणि त्यांच्याच तोंडून वहिनींना कळू दे. तू एवढंच म्हण, ‘वहिनी, मी काम टाळत नाही. आजींनी हात हलवला नाही तर तो आखडेल. सकाळचं सगळं मी करीन, संध्याकाळचा गाऊन त्यांना घालू दे. पंधरा दिवस बघा, नाही पटलं तर तुम्ही सांगाल तसं.’

आणि एक वही कर. रोज तारीख घालून चार शब्दांतला एक लिहायचा : ‘स्वतः’, ‘सांगून’, ‘हात लावून’, ‘सगळं मी’. गाऊनसमोर एक, दात घासण्यासमोर एक, जेवणासमोर एक. खांदा दुखला का, टाचा आणि माकडहाड लाल दिसलं का, तेही लिही. लाली बोटानं दाबून पांढरी होत नसेल तर ती जखमेची सुरुवात, तिथे चोळायचं नाही, त्या अंगावर निजवायचं नाही आणि डॉक्टरांना कळवायचं. अंथरुणात असताना दर दोन तासांनी कूस बदल. पंधरा दिवसांनी वही वहिनींच्या हातात दे. ‘सगळं मी’चं ‘हात लावून’ झालेलं त्या स्वतः वाचतील. आणि तोंड वाकडं झालं, दुसरा हात पडला, बोलणं आणखी जड झालं, तर वही बाजूला ठेवून १०८. आधी वहिनींना विचारायला थांबू नकोस.

राहिलं आजींचं ‘काहीच करायला बघत नाहीत’. त्यांना काय करायचंय ते कुणी विचारलंय का? गाऊन घालणं ही काही कुणाची आस नसते. तुझ्या पत्रात त्यांना काय आवडायचं याचा एक शब्दही नाही. घरात विचार. तुळशीला पाणी घालायच्या असतील, वाती वळायच्या असतील. चवथ, गणेशचतुर्थी जवळ येतेय, घर भरेल, गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधली जाईल. डाव्या हातानं देवाला फूल वाहणं त्यांना कधीच चालणार नाही. पण ओंजळ दोन हातांची असते. डाव्या हातानं उजवा हात उचलून शेजारी आणायचा, बोटं सरळ करायची आणि तळवे एकत्र धरायचे. लुळा हात नजरेसमोर मध्यावर आणणारी ही हालचाल त्यांच्या सरावात बसवता येईल का ते फिजिओथेरपिस्टना विचार. त्यांनी खांदा बघून हो म्हटलं की रोज संध्याकाळी गाऊन झाल्यावर टेबलावर कोपरं टेकवून एवढं करून घे, आणि कशासाठी करतोय ते आजींना पहिल्याच दिवशी सांग. हळदीच्या पानावर चार जास्वंदी ठेवून सुरुवात केलीस तरी चालेल.